पीप साइट की स्कोप? महागडी दुर्बीण घेण्याआधी

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्य जिंकलं. मुलाला नेमबाजीला घालू पाहणाऱ्या पालकांचा तेव्हापासूनचा ठरलेला प्रश्न: ‘त्याच्या रायफलवर होती तसली दुर्बीण केवढ्याला पडते?’

त्याच्या रायफलवर दुर्बीण नव्हतीच. डोळ्याजवळ दिसते ती काळी डबी म्हणजे पीप साइट. तिच्यात लक्ष्य मोठं करणारं भिंग नसतं, असतं एक बारीक भोक, साधारण एक-सव्वा मिलिमीटरचं. नळीच्या पुढच्या टोकाला, साध्या बंदुकीत जिथे माशी असते तिथे, एक रिंग बसवलेली असते. भोकातून रिंग पाहायची आणि रिंगच्या बरोबर मधोमध टार्गेटचा काळा गोल आणायचा. बारीक भोकामुळे जवळचं आणि लांबचं एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. त्यातही नजर रिंगवर ठेवायची. काळा गोल किंचित धूसर राहिला तरी चालतो.

स्कोपचं काम वेगळं. ती खरीखुरी दुर्बीण: लक्ष्य मोठं करते आणि नेमाची फुली त्याच प्रतिमेवर बसवते. त्यामुळे डोळ्याला जवळ पाहू की लांब, असा पेच पडत नाही. मग हीच सरस नाही का? लांबच्या, बदलत्या अंतरावर आहेच.

१० मीटरवर मात्र गंमत वेगळी आहे. एअर रायफलच्या (हवेच्या दाबाने छर्रा मारणाऱ्या बंदुकीच्या) टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नुसत्या डोळ्यांना तो १० मीटरवरून दिसत नाही, आणि पीप साइटवाल्याला तो दिसायची गरजही नसते. त्याला ३०.५ मिलिमीटरचा काळा गोल दिसतो. गोलात गोल बरोबर बसवणं माणसाच्या डोळ्याला उत्तम जमतं. गोल मध्ये आला की दहाही आपोआप मध्ये आलेला असतो. स्कोप लावली तर ठिपका दिसेल, पण हाताचा कंपही तितकाच मोठा दिसेल. नवखं पोर मग फुली ठिपक्यावरून जाताना ट्रिगर झटकन ओढायला शिकतं. ही खोड एकदा लागली की मोडायला प्रशिक्षकाचा घाम निघतो.

शिवाय नियम आहेतच. ऑलिंपिकच्या १० आणि ५० मीटर रायफल प्रकारांत स्कोपला परवानगी नाही. आपल्याकडच्या स्पर्धांत नवशिक्यांसाठी ओपन साइट (मागे खाच, पुढे माशी) आणि पीप साइट असे वेगळे गट असतात. मूल साधारण याच क्रमाने पुढे सरकतं. अपवाद ‘रनिंग टार्गेट’चा. १० मीटरवर सरकत्या लक्ष्यावर गोळी मारायच्या या प्रकारात चारपटीपर्यंतची स्कोप चालते, पण तो आता ऑलिंपिकमध्ये नाही.

मग लोक स्कोपवर रायफलीपेक्षाही जास्त पैसे का घालतात? ब्रिटनमधून पसरलेला फील्ड टार्गेट हा एअर रायफलचा खेळ पाहा. लक्ष्यं साधारण ८ ते ५५ यार्डांवर विखुरलेली, अंतर कुणी सांगत नाही. नेमबाज मोठ्या पटीच्या स्कोपचं फोकस-चाक फिरवतो, चित्र कुठे स्वच्छ होतं ते पाहून अंतर काढतो आणि नेम वर-खाली सरकवणारं स्कोपवरचं बटण तेवढ्या क्लिक, म्हणजे तेवढे बारीक टप्पे, फिरवतो. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या रायफल स्पर्धांतही मदार क्लिकवरच असते. ही बटणं दहा वेळा वर-खाली केली तरी नेम पुन्हा मूळ जागी यायलाच हवा. खरा पैसा या यंत्रणेचा आणि संध्याकाळच्या मंद उजेडातही स्वच्छ दाखवणाऱ्या काचेचा. झगझगीत दिव्याखाली ठरलेल्या १० मीटरवर यातलं काय उपयोगी पडणार?

शेतघरामागे डबे पाडायला हौसेने स्कोप घ्यायचीच असेल, तर पटीच्या आकड्याला भुलू नका. मोठ्या रायफलींच्या बऱ्याच स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. १० मीटरवर त्यांतून धूसरच दिसतं. जवळच्या अंतरावर फोकस होणारी हवी. दुसरं, स्प्रिंगच्या एअर रायफलला धक्का दोन्हीकडून बसतो: आधी मागे, मग पिस्टन आदळला की पुढे. मोठ्या बंदुकीचा धक्का सोसणारी महाग स्कोपसुद्धा या पुढच्या झटक्याने बिघडू शकते. त्यामुळे ती एअर रायफलसाठीच बनवलेली आहे ना, एवढं दुकानदाराकडून पक्कं करून घ्या. (शिकारीसाठी विचारत असाल, तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आधी वाचा.)

रेंजवर जाणारं मूल ‘मला धूसर दिसतं, दुर्बीण हवी’ म्हणत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. नेमबाजीत चष्मा चालतो. फक्त रोजच्या चष्म्यात मान वाकवून नेम धरताना नजर काचेच्या कडेतून जाते. म्हणून नेमबाज हवी तशी वळवता येणारी गोल काच असलेली वेगळी फ्रेम वापरतात, आणि नंबर पुढची रिंग स्वच्छ दिसेल असा काढून घेतात.