काचेच्या कौलातून पाणी येतंय: गळती की झड?

कोकणातल्या कौलारू घरात माजघर उजळायला काचेचं एक कौल पुरतं. पावसाळ्यात नेमकं त्याच्याचखाली भांडं मांडावं लागतं, आणि 'कौल गळतंय' म्हणून वर सिलिकॉन भरलं जातं. आमच्याकडेही दोन पावसाळे हेच चाललं. पाणी थांबलं नाही, कारण ती गळती नव्हतीच, झड होती.

गळती पावसाच्या जोरावर चालते, झड वाऱ्याच्या. गळतं तेव्हा वारा पडलेला असला तरी थेंब एकाच जागी टपटपतो, पाऊस थांबल्यावरही थोडा वेळ पडत राहतो आणि रिपेवर, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवर, काळपट ओघळ उमटतो. तो ओघळ वर शोधत जा. पाणी रीप-वाशावरून वाहत खाली येतं, म्हणून मूळ जागा थेंबाच्या बरीच वर सापडते. पुष्कळदा काच धड असते. शेजारचं मातीचं कौल तडकलेलं, माकडांनी सरकवलेलं, नाहीतर खाचेत शेवाळ नि पानं अडकून पाणी तुंबलेलं असतं.

झडीत नैर्ऋत्येचा वारा पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतारावर, आपटतो आणि सांध्यातलं पाणी उलटं वर ढकलतो. आत तुषार येतात, जमीन फवारल्यासारखी ओली होते. वारा फिरला की बंद.

शंका असेल तर वारा नसताना पाइपने पाणी सोडून बघा, पागोळीकडून सुरुवात करून हळूहळू वर. आत एकाला उभं करा. थेंब आला तर गळती. नाहीच आला तर झडीचा संशय धरा.

गळतीला कौल काढून खाच साफ करायची, फुटकं बदलायचं, वाकलेली रीप सरळ करायची. झडीला यातलं काहीच उपयोगी नाही. काचेच्या कौलाखाली वाशांमध्ये पारदर्शक पत्र्याचा तुकडा उतरता बसवा, त्याचं खालचं टोक खालच्या कौलावर येऊ द्या. तुषार तिथून बाहेर जातात. आणि सिलिकॉन? कौलाची खालची कड त्याने कधीही बुजवू नका. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट तीच.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडची कौलं उडाली. वारा छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना सगळ्यात जास्त उचलतो. म्हणून पुढच्या शाकारणीला, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा बसवताना, काचेचं कौल कडेपासून आत, शक्यतो पूर्वेच्या पाख्यात घ्या, आणि रिपेला तारेने बांधा. ओल्या कौलांवर मात्र चढू नका. पाऊस असेपर्यंत भांडंच बरं.