चरख्याचे दोन झेंडे : १९२१ चा आणि १९३१ चा

३१ डिसेंबर १९२९ च्या मध्यरात्री लाहोरला रावीच्या काठी जवाहरलाल नेहरूंनी झेंडा फडकावला. त्या प्रसंगाची चित्रे काढताना केशरी, पांढरा आणि हिरवा असे पट्टे व मध्ये चरखा अनेकदा रंगवला जातो. असा झेंडा त्या रात्री अस्तित्वातच नव्हता. रावीकाठी फडकला तो वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल पट्टा असलेला झेंडा. दोन्ही खादीचे, दोन्हींवर चरखा आणि दोन्ही काँग्रेसचे, त्यामुळे त्यांची सरमिसळ होते. पण त्यांमागचे विचार मात्र एकमेकांपासून बरेच दूर आहेत.

पहिल्या झेंड्याची हकिगत मोठी गमतीची आहे. १९२१ मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली असताना गांधीजींनी पिंगली वेंकय्या यांना लाल आणि हिरव्या पट्ट्यांवर चरखा असलेला झेंडा तयार करून देण्यास सांगितले. चरख्याची कल्पना जालंधरचे लाला हंसराज यांची होती. वेंकय्यांनी झेंडा करून दिला, परंतु त्याला थोडा उशीर झाला आणि तो समितीपुढे ठेवायचा राहून गेला. या उशिराबद्दल गांधीजींनी पुढे समाधानच व्यक्त केले, कारण लाल म्हणजे हिंदू आणि हिरवा म्हणजे मुसलमान, तर मग बाकीच्या धर्मांचे काय, हा विचार त्यांना मधल्या काळात सुचला आणि पांढरा पट्टा आला. संख्येने सर्वांत लहान समाजांचा पांढरा वर, त्याखाली हिरवा आणि सर्वांत मोठ्या समाजाचा लाल तळाशी, म्हणजे बलिष्ठाने दुर्बळाची ढाल व्हावे, असा या क्रमाचा अर्थ त्यांनी १३ एप्रिल १९२१ च्या ‘यंग इंडिया’त सांगितला. चरखा एका पट्ट्यात न बसवता तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला असे. (चरखा काढून टाकला, तर उरतो तो थेट बल्गेरियाचा झेंडा, हा निव्वळ योगायोग.)

या झेंड्याचा रीतसर ठराव झाला नाही. तो वापराने रूढ झाला. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात लोक तुरुंगात गेले ते याच झेंड्यासाठी.

रंग समाजांमध्ये वाटून दिले की आपला रंग कुठे आहे, असे कोणीतरी विचारणारच. शिखांनी तसे विचारले आणि ते गैर नव्हते. अखेर एप्रिल १९३१ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने सात जणांची समिती नेमली. तीत वल्लभभाई पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्याबरोबर काका कालेलकर व डॉ. ना. सु. हर्डीकर हेही होते. समितीने सुचवला तो संपूर्ण केशरी झेंडा, काठीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात तांबूस चरखा असलेला. ही सूचना मान्य झाली नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत अखिल भारतीय समितीने केशरी, पांढरा व हिरवा हा क्रम आणि पांढऱ्या पट्ट्यात गडद निळा चरखा असा झेंडा ठरावाने स्वीकारला.

लाल जाऊन केशरी आला आणि पांढरा मध्ये सरकला, एवढाच बदल समजणे अपुरे ठरेल. या रंगांचा कोणत्याही जातिधर्माशी संबंध नाही, असे या ठरावातच नमूद होते : केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा, तर चरखा जनसामान्यांच्या आशेचा. ‘केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा’ असा अर्थ आजही सहज सांगितला जातो, तो मुळात १९२१ च्या झेंड्याचा आहे, आणि त्या झेंड्यात तर केशरी रंगच नव्हता. जुन्याचा अर्थ नव्याला चिकटवण्याची ही चूक मला चित्रातल्या चुकीपेक्षा अधिक गंभीर वाटते.

कृष्णधवल छायाचित्रात रंग कळत नाहीत, तरी ओळख पटवणे अवघड नाही. वरचा पट्टा उजळ आणि खालचे दोन गडद असतील, तर झेंडा १९२१ च्या घडणीचा. दोन गडद पट्ट्यांमध्ये उजळ पट्टा आणि चरखा त्या पट्ट्यापुरताच असेल, तर १९३१ चा. पट्टे सुरकुत्यांत हरवले असतील, तर चरख्याचा आकार पाहावा.

चरख्याची दिशा पाहून मात्र काही ठरवू नये. त्याचे चाक एका टोकाला असल्यामुळे झेंड्याच्या दुसऱ्या बाजूने पाहिल्यास तो उलटा दिसतो. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत राष्ट्रध्वजाचा ठराव मांडताना नेहरूंनी हीच अडचण सांगितली होती : ध्वजावरचे चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे, असा संकेत आहे. म्हणून चरख्याचे फक्त चाक ठेवले गेले आणि त्याला सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्राचे रूप मिळाले. त्याआधीच्या छायाचित्रांत चाक डावीकडे दिसले काय किंवा उजवीकडे दिसले काय, छायाचित्रकार झेंड्याच्या कोणत्या बाजूला उभा होता, एवढेच त्यावरून कळते.