पोरं सोळा, बॉल दोन?
फुटबॉल संघासाठी साहित्य नेणाऱ्या ग्राहकांना सरावाविषयी थोडी माहिती

तालमीचे (म्हणजे पेठेतल्या मंडळाचे) कार्यकर्ते किंवा शाळेचे सर दुकानात आले की आम्ही आधी विचारतो, पोरं किती आणि बॉल किती? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘पोरं सोळा, बॉल दोन.’ सराव तिथंच अडतो.

सोळा पोरं रांगेत उभी करून गोलवर शूटिंग घेतलं आणि एका शॉटला वीस सेकंद लागले, तर वीस मिनिटांत साठ शॉट होतात. एकेकाच्या वाट्याला धड चारही येत नाहीत. बाकी सगळा वेळ पोरगं कमरेवर हात ठेवून उभं! त्यापेक्षा आठ मीटरचे चार चौकोन आखा, प्रत्येकात चौघं घाला. तिघांनी पास द्यायचे, बिब (शर्टावरून घालायचं रंगीत, बिनबाह्यांचं जाकीट) घातलेल्यानं बॉल हिसकायचा. ज्याचा पास चुकेल त्यानं बिब घालायचं. चार बॉल, चार बिब, सोळा कोन (खुणेला ठेवायचे प्लास्टिकचे शंकू), बस्स.

दीड तासाचं गणित असं बसतं. पहिली वीस मिनिटं वॉर्मअप. पोरं चौदा वर्षांच्या पुढची असतील तर फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ घ्या. आठ मिनिटं पळणं, दहा मिनिटं ताकद आणि तोल, शेवटी दोन मिनिटं पुन्हा वेगानं पळणं. गुडघे आणि घोटे जपण्यासाठीच तो बनवलाय, टाळू नका. मग वीस मिनिटं चौकोन. त्यानंतर अर्धा तास तीस बाय वीस मीटरच्या दोन छोट्या ग्राउंडांवर चार विरुद्ध चार. मोठी मॅच पंधराच मिनिटं आणि शेवटची पाच स्ट्रेचिंगला. पाणी प्यायला मधे दोनदा थांबा.

कोल्हापुरात पेठापेठांची ईर्ष्या, शाहू स्टेडियमची गर्दी, त्यामुळं रोज मोठी मॅचच खेळावीशी वाटते. पण बावीस जणांत एक बॉल असला की बुजरं पोरगं संध्याकाळभर कोरडं राहतं. शिकायची गरज त्यालाच जास्त असते.

कोन पोरं यायच्या आधी मांडा. छोटी ग्राउंडं नारिंगी कोनांनी आखा, प्रत्येकात दोन चौकोन पिवळ्यांनी. वेळ झाली की पिवळे तेवढे उचलायचे, खेळ लगेच सुरू.

एक महागडा बॉल घेण्यापेक्षा त्याच पैशात साधे तीन-चार घ्या, हे आम्ही दुकानदार असूनही सांगतो. मोठ्यांना पाच नंबर (घेर 68 ते 70 सेंमी, वजन 410 ते 450 ग्रॅम), बारा वर्षांपर्यंतच्यांना चार नंबर. हवा बॉलवर छापलेल्या आकड्याइतकीच भरा. सुई घालण्याआधी तिला ग्लिसरीनचा थेंब लावा. कोरडी सुई रेटली की व्हॉल्व्ह फाटतो आणि चांगला बॉल वाया जातो.

येताना ग्राउंड पावलांनी मोजून, पोरांची संख्या आणि वयं कागदावर लिहून आणा. काय आणि किती लागेल ते काउंटरवर बसूनच ठरवू. हवा भरायला बॉल कधीही आणा, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.