फर्माला चकवणारी संख्या

४,२९,४९,६७,२९७. दशमान पद्धतीत ही कुणाच्याही फोन नंबरसारखी वाटते. द्विमान पद्धतीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ नी, लिहिली की तिचं खरं रूप दिसतं: आधी एक, मग ३१ शून्यं, शेवटी पुन्हा एक. म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १.

फर्मा या फ्रेंच गणितीने १६४० साली अंदाज बांधला होता, की घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत गेलं आणि २ च्या त्या घातात १ मिळवला, तर दरवेळी मूळ संख्याच मिळते. ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ! सहावी आपली ही. १७२९ साली गणिती गोल्डबाखने दुसरा गणिती ऑयलर याला या अंदाजाबद्दल लिहिलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने सहावी फोडली: ६४१ × ६७,००,४१७.

डोळे मिटून भागत बसायचं तर हिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या, ६,५४२ मूळ संख्या हाताशी घ्याव्या लागतात. पण हिचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असायला हवा. मग उमेदवार उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवाच ६४१. गंमत अशी की हा नियम फर्माच्याच एका प्रमेयातून निघतो. हत्यार त्याचंच, आणि शिकार पाच भागाकारांवर!

भागाकार न करताही ६४१ पकडता येतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. पहिल्यावरून, ६४१ ने भागल्यावर ५ × २ चा ७वा घात आणि −१ यांची बाकी सारखीच. दोन्हींचा चौथा घात घ्या: ६२५ × २ चा २८वा घात म्हणजे १. आता ६२५ च्या जागी −१६ ठेवा. २ चा ३२वा घात −१ झाला, त्यात १ मिळवला की शून्य. इतकी सुबक सिद्धता मला तरी क्वचितच भेटली आहे.

या संख्येचं बिंग फोडायची आणखी एक वाट आहे. ती ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग तर आहेच, शिवाय ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्गही आहे. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत दोन वेगळ्या प्रकारे कधीच मांडता येत नाही.

फर्माचा अंदाज तिथून सावरलाच नाही. पुढच्या ज्या ज्या संख्यांचा निकाल लागला, त्या सगळ्या संयुक्त निघाल्या.

हिच्याहून २ ने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ मात्र नशीबवान. तो ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांचाच गुणाकार. विषम बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी-कंपासने काढता यायला बाजूंची संख्या अशाच वेगवेगळ्या मूळ संख्यांपैकी एक किंवा त्यांचा गुणाकार असावी लागते. त्यामुळे तितक्या बाजूंची आकृती, निदान तत्त्वतः, नुसत्या पट्टी-कंपासने काढता येते. आणखी दोन बाजू वाढवल्या, की कंपास हात टेकतो.