कंटेनरचे घर: ताकद कोपऱ्यांत, दुखणे पत्र्यात

जुलै 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना डोंगराखाली चौकजवळ कंटेनर घरांत हलवण्यात आले. त्याच जिल्ह्यात न्हावा-शेवा बंदर आहे, तिथे कंटेनरांच्या थप्प्या लागलेल्या असतात. मग प्रत्येक आपत्तीत त्यातलेच रिकामे कंटेनर उचलून लोकांना का देऊ नयेत, हा प्रश्न कुणालाही सुचेल.

20 फुटी कंटेनर सुमारे 6.06 मीटर लांब, 2.44 मीटर रुंद आणि 2.59 मीटर उंच असतो. रिकाम्याचे वजन दोन टनांहून थोडे जास्त. जहाजावर तो आठ-नऊ थरांत रचला जातो, तेही माल भरून. हा भार भिंतीचा पत्रा पेलत नाही. पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा. भार उतरतो तो चार कोपऱ्यांच्या खांबांतून. खांबांच्या टोकांना ओतीव पोलादाचे, भोके असलेले ठोकळे असतात; त्यांत कुलपे अडकवली की कंटेनर एकमेकांना जखडले जातात. नालीदार पत्र्याचे काम वेगळे: हलताना सांगाडा तिरका होऊ न देणे. म्हणून दार-खिडकीसाठी पत्रा कापला, की तिथे लोखंडी चौकट वेल्ड करावीच लागते. हा खर्च हिशेबात सहसा धरला जात नाही.

खरी पंचाईत उन्हाची. पोलादातून उष्णता लाकडाच्या मानाने शेकडो पट सहज वाहते. वैशाखात बंद मोटारीत बसल्यावर जे होते, तेच इथे दिवसभर. थंडीत उलटा त्रास: श्वासातली आणि स्वयंपाकातली वाफ गार पत्र्यावर पाणी होऊन साचते आणि भिंती पाझरू लागतात. उपाय म्हणजे उष्णतारोधक थर. तो आतून लावला तर आधीच 2.35 मीटर असलेली आतली रुंदी आणखी घटते. बाहेरून लावला तर त्याला पावसापासून जपणारे वेगळे आवरण लागते. आणि जुना कंटेनर असेल तर त्याची प्लायवूडची जमीन अनेकदा कीटकनाशक मुरवलेली असते. आधी त्यातून कोणता माल गेला, तेही पाहावे लागते. लहान मुले त्याच जमिनीवर रांगणार असतात.

म्हणूनच आपत्तीनंतर 'कंटेनर' म्हणून जे येते, ते पुष्कळदा जहाजावरचे नसतेच. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तक्त्यांची ती केबिन असते. फेब्रुवारी 2023 च्या भूकंपांनंतर तुर्कस्तानात उभ्या राहिलेल्या कंटेनर वसाहतींत अशाच केबिन मोठ्या संख्येने होत्या. माझ्या मते, सपाट मोकळी जागा असेल तर हेच शहाणपणाचे.

मग जहाजावरचा कंटेनर कुठे उपयोगी? त्याचे उत्तर जपानमधल्या ओनागावाने दिले. 11 मार्च 2011 चा भूकंप 9 तीव्रतेच्या आसपासचा. त्यामागून आलेल्या त्सुनामीने मियागी प्रांतातले हे मासेमारीचे गाव धुऊन नेले. समुद्र आणि डोंगर यांच्या बेचक्यात वसलेल्या गावाला सपाट जमीन मुळात थोडी. एकमजली तात्पुरती घरे बांधायची कुठे? वास्तुविशारद शिगेरू बान यांनी बेसबॉलच्या मैदानावर 20 फुटी कंटेनर दोन-तीन मजले रचले.

रचना बुद्धिबळाच्या पटाची होती: एक कंटेनर, शेजारी तेवढीच मोकळी जागा, वरच्या मजल्यावर याच्या उलट. कंटेनरांत न्हाणीघर आणि मुलांच्या खोल्या गेल्या. मधल्या पोकळीला काचेची दारे लावून उजेडाची बैठकीची खोली झाली. कोपऱ्यांवरच भार पेलणाऱ्या पेटीचा याहून नेमका उपयोग मला तरी दिसलेला नाही. पत्रा फार कापावा लागला नाही आणि अरुंदपणाही टळला. कुटुंबाच्या आकारानुसार घरे सुमारे 20, 30 आणि 40 चौरस मीटरची होती. स्वयंसेवकांनी आत फडताळे आणि कपाटे बसवली. छोटी गोष्ट वाटते, पण नेहमीच्या तात्पुरत्या घरांत सामान ठेवायला जागाच नसते. एकूण 189 कुटुंबांची सोय झाली.

इर्शाळवाडीत मात्र असे काही वर नेणे शक्यच नव्हते. वाडीला गाडीरस्ता नव्हता, पायवाटेने चढून जावे लागे. कंटेनरला ट्रेलर, क्रेन आणि पक्का रस्ता लागतो, आणि नेमक्या याच गोष्टी दरडीत, भूकंपात आधी तुटतात. पहिल्या आठवड्यात तंबूच लवकर पोचतो, कारण एका कंटेनरच्या जागेत पुष्कळ तंबू मावतात. कंटेनरचा विचार त्यानंतरच्या महिन्यांसाठी करायचा. तिथेही तो किती काळ वापरायचा हे आधीच ठरवायला हवे: जपानमध्ये तात्पुरत्या घरांची मूळ मुदत दोन वर्षांची असते, पण 2011 नंतर ती पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.