घरच्यांना घेऊन नदीवर येण्याआधी

नाशिकच्या आमच्या नदीच्या सहलीचं बुकिंग केलेल्या प्रत्येक कुटुंबाला आम्ही हे पत्रक आधी पाठवतो आणि निघायच्या आदल्या दिवशी फोन करून ते वाचलं का, हेही विचारतो. कयाक म्हणजे वल्ह्याची हलकी होडी चालवणं, पोहणं आणि ट्यूबवर बसून धारेबरोबर जाणं, ही मजा एका दिवसात होते. पण तिन्हींना लागणारं पाणी वेगवेगळं असतं. कोणतं पाणी कशासाठी, ते कधी चांगलं असतं आणि कुठे आम्ही कुणालाच उतरवत नाही, हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक असलं की काठावरून आमच्या माणसाने "आता बाहेर या" म्हटल्यावर वाद होत नाही.

बेत आखताना आम्ही घरातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याकडे बघत नाही. ज्याला पाण्याची सवय सगळ्यात कमी, त्याच्या मापाने जागा आणि वेळ ठरते. म्हणून फॉर्मवर "पोहता येतं" एवढंच लिहू नका. तरणतलावात येतं, विहिरीत शिकलात की वाहत्या पाण्यात पोहलात, ते लिहा. तलावात वीस फेऱ्या मारणारा तरुण नदीच्या धारेत पहिल्यांदा उतरला की गोंधळतो, कारण तिथे दमला म्हणून धरायला कठडा नसतो. दमा, फिट येणं, हृदयाचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, हे न संकोचता कळवा. या माहितीवरून कुणाला सहलीतून वगळत नाही, फक्त कुणी काय करायचं, ते बदलतं.

पाणी आभाळातून येतं तसं धरणातूनही येतं

हा भाग सगळ्यात नीट वाचा. नाशिकची नदी डोक्यावरचं आभाळ बघून ओळखता येत नाही. गोदावरीवर शहराच्या वर गंगापूर धरण आहे, त्याच्याही वर काश्यपी आणि गौतमी-गोदावरी. दारणा नदीवर इगतपुरी तालुक्यात १९१६ पासूनचं दारणा धरण आहे. पावसाळ्यात शहरात ऊन पडलेलं असतं आणि त्र्यंबक-इगतपुरीकडे कोसळत असतं; धरणं भरलेली असली तर दरवाजे उघडतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोदाघाटावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून पूर मोजणारं हे शहर आहे. १९ सप्टेंबर २००८ आणि ४ ऑगस्ट २०१९ या तारखा घाटावरचे दुकानदार अजून विसरलेले नाहीत.

पण भर उन्हाळ्यातही नदी वाढते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कालव्यांना शेतीची आवर्तनं, म्हणजे पाळीपाळीने सोडायचं पाणी, दिली जातात, आणि त्यांचं पाणी वरच्या धरणांतून नदीपात्रातूनच खाली येतं. काही वर्षी पाऊस सरल्यावर खालच्या जायकवाडी धरणासाठीही पाणी सुटतं. ढग नाही, गडगडाट नाही, आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी मांडीला लागतं. बातमीत "हजार क्युसेक" वाचताना तो आकडा लहान वाटतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर दर सेकंदाला पात्रात ओतल्यासारखं. त्यात धारेचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. मांडीएवढ्या जोरदार धारेत धडधाकट माणसाचेही पाय सुटतात, ते यामुळेच.

म्हणून आम्ही आदल्या दिवशी विसर्गाची, म्हणजे धरणातून किती पाणी सोडलंय याची, आणि आवर्तनाची माहिती घेतो आणि सकाळी निघताना पुन्हा विचारतो. शिवाय काठावर पोचल्यावर पहिलं काम असतं काडी रोवण्याचं. पाणी जिथे जमिनीला टेकतं, नेमक्या तिथे चाकूने खाच पाडलेली एक काडी आमचा माणूस रोवतो आणि दर थोड्या वेळाने येऊन बघतो. पाणी खाचेच्या वर दोन बोटं चढलं किंवा गढूळ होऊन काडीकचरा वाहू लागला की लांब शिट्टी वाजते. ती वाजली की हातातलं टाकून सगळ्यांनी काठ गाठायचा. मुलांना ही काडी दाखवा, राखायला द्या. ती फार मन लावून राखतात.

जून ते सप्टेंबर आमच्या नदीच्या सहली बंद असतात. कितीही आग्रह झाला, पाहुणे मुंबईहून मुद्दाम आलेले असले, तरी बंदच. पाऊस सरून पाणी निवळलं की नोव्हेंबरपर्यंतचे दिवस आणि मग फेब्रुवारी-मार्च, हा खरा हंगाम. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे. तेव्हा पाण्यात उतरायचं ते अकरा ते तीनच्या दरम्यान, आणि लहान मुलांचे ओठ निळसर दिसले किंवा दात वाजायला लागले की लगेच बाहेर, कोरडे कपडे, गरम पेज. एप्रिल-मेमध्ये दुपारी अवकाळीची वीज असते. गडगडाट कानावर आला की पाण्याबाहेर यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही.

कयाक

कयाकसाठी धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे साठलेलं संथ पाणी, उत्तम, आणि तोही सकाळचा. दुपारनंतर वारा सुटतो, पाण्यावर लाटा उठतात आणि हलकी कयाक पाचोळ्यागत भलतीकडे जाते. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि दमल्यावर वाऱ्याच्या पाठीवर परतायचं. उलटं केलं की परतीला हात भरून येतात. गंगापूरचं पाणी शहर पितं. त्यात आम्ही कुणाला पोहायला उतरवत नाही आणि साबण, खरकटं, निर्माल्य काहीही पाण्यात जाऊ देत नाही. नांदूर मध्यमेश्वरला कयाक नेता येईल का, असं बरेच जण विचारतात. तिथे नाही. ते पक्षी अभयारण्य आहे, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं. तिथलं पाणी पक्ष्यांचं. काठावरून दुर्बिणीने बघा. थंडीत जाल तर पोट भरून बघायला मिळेल.

दोघांच्या कयाकमध्ये वजनदार माणूस मागे बसतो, दिशाही तोच सांभाळतो. वल्हं हाताने ओढू नका, कमरेतून वळा; नाही तर दुसऱ्या दिवशी खांदे उचलत नाहीत. कयाक उलटलीच तर ती सोडू नका. ती बुडत नाही. तिला धरून राहा, आम्ही तुमच्याकडे येतो. काठ जवळ दिसतो म्हणून तिला सोडून पोहत निघालेला माणूस आम्हाला शोधायला अवघड जातो.

चाळिशी-पन्नाशीतल्या बायका "आता कुठे शिकायचं" म्हणून काठावर बसतात, त्यांना आमचा आग्रह आहे की बसा कयाकमध्ये. आपल्याच जिल्ह्यातले, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीसारख्या दुष्काळी गावातले दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर रोइंग म्हणजे शर्यतीची होडी वल्हवणं शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावे आले. पाण्याजवळ जन्म घ्यावाच लागतो असं नाही.

पोहणं

पोहण्यासाठी आम्ही दारणेच्या काठची एक संथ, वाळूची, हळूहळू खोल होत जाणारी जागा ठरवतो आणि प्रत्येक वेळी आमचा माणूस बांबूने तळ चाचपून घेतो, मगच दोर लावून हद्द आखतो. गेल्या महिन्यात तळ कसा होता, याचा भरवसा धरत नाही. वाळूउपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून चालणारं मूल पुढच्या पावलाला गडप होतं. फुगवट्यात जुन्या नाल्याचं पात्र पाण्याखाली असतं, तिथेही तेच, वर पायाला गाळ धरतो. आणि आपल्याकडचा काळा कातळ शेवाळाने असा निसरडा होतो की तिथे चप्पल आणि अनवाणी पाय दोन्ही सारखेच. मागे पट्टा असलेले, घट्ट सोलचे जुने बूट आणा. कातळावरून किंवा पुलावरून सूर मारायला सक्त मनाई आहे.

आजोबांच्या पिढीने पांगाऱ्याचा बिंडा, सुका भोपळा नाही तर पत्र्याचा डबा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकून घेतलं. ती रीत चांगली होती, कारण काठावर काका-मामा दोर घेऊन उभे असत. आजच्या बाजारातली फुगवायची बदकं आणि दंडातल्या रिंगा मात्र खेळणी आहेत. त्या निसटतात, त्यांची हवा जाते, आणि त्यांच्यावर विसंबून मोठ्यांची नजर ढळते.

लाइफ जॅकेट आम्ही देतो, पण ते बसलं की नाही, हे तुम्हीही बघा. पट्टे आवळल्यावर मुलाला दोन्ही हात वर करायला सांगा आणि खांद्यावरच्या पट्ट्यांना धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटीच्या किंवा कानाच्या वर सरकलं तर माप मोठं आहे, बदलून घ्या. "पुढच्या वर्षीही होईल" असं मोठं माप इथे चालत नाही. लहान मुलांच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असतो. तो टोचतो म्हणून मुलं सोडतात, तुम्ही सोडू देऊ नका. चांगलं पोहणाऱ्यांनाही ट्यूबवर आणि कयाकमध्ये जॅकेट घालावंच लागेल.

साडी, ओढणी, घेरदार पंजाबी ड्रेस, जीन्स, हे पाण्यात पायांना गुंडाळतं किंवा जड होतं. लेगिंग आणि टी-शर्ट सगळ्यात सोयीचे. कपडे बदलायला कनातीची आडोशाची जागा आम्ही करतो. मंगळसूत्र, पैंजण, अंगठ्या घरी ठेवून या.

आणि पाळत. मोठी माणसं दहा असली की मुलांकडे कुणीच बघत नसतं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून मुलं पाण्यात असताना घरातल्या एका मोठ्या माणसाच्या गळ्यात आम्ही लाल शिट्टी घालतो. ती गळ्यात असेपर्यंत मोबाइल नाही, गप्पा नाहीत, सेल्फी नाही. पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी दुसऱ्याकडे जाते. न पोहणारं मूल पाण्यात असलं तर कुणीतरी त्याच्या हातभर अंतरावर, पाण्यातच हवं. आमचे जीवरक्षक असतातच, पण आईच्या नजरेला पर्याय नाही.

बुडणारं माणूस ओरडत नाही. श्वासच घेता येत नाही, तर हाक कुठून मारेल! डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर, नजर शून्य, हात शिडी चढल्यासारखे खाली दाबलेले, आणि आवाज काहीच नाही. मस्ती करणारी मुलं अचानक गप्प झाली तर आधी पाण्याकडे बघा. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच कवटाळतो. दोर, बांबू, रिकामं कॅन, ट्यूब, हाताला येईल ते त्याच्याकडे टाका आणि आम्हाला हाक मारा.

बाहेर काढलेल्याचं पोट दाबून किंवा त्याला उलटं धरून पाणी काढायची जुनी पद्धत आहे, ती कृपा करून विसरा. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाते. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, असं चालू ठेवा. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२०. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ लावायचा. नाकातोंडात पाणी गेलेलं मूल नंतर खोकत राहिलं, धाप लागली किंवा सुस्तावलं तर खेळतंय म्हणून थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

ट्यूबवरची सैर

मुलांना सगळ्यात आवडणारा भाग हा, आणि आम्हालाही. मालट्रकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह अंगाला ओरखडतो, म्हणून त्यावर कापड गुंडाळून पट्टी लावलेली असते. तरीही तो बाजूला ठेवून बसा. बूड मधल्या भोकातून खाली लोंबू देऊ नका, उथळ जागी दगड लागतो. पाय पुढे, धारेच्या दिशेला. ट्यूबवरून पडलात तरी तसंच: पाठीवर, पाय पुढे, बोटं पाण्याबाहेर, आणि हातांनी तिरकं काठाकडे सरकत यायचं. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दोन दगडांत अडकला तर धार पाठीवर बसते आणि तोंड पाण्याखाली जातं. आधी पाठ टेकू द्या, मग उठा. ट्यूब एकमेकींना दोराने बांधायच्या नाहीत. आमचा माणूस सगळ्यात पुढे आणि एक सगळ्यात मागे असतो.

धार वाचायला मुलांना जरूर शिकवा. पाण्यावर बाणाचं टोक खालच्या दिशेला दिसलं तर ती मोकळी वाट. टोक वरच्या दिशेला, तुमच्याकडे असलं तर तिथे पाण्याखाली दगड आहे. काठची बाभूळ पात्रात वाकलेली असेल तर तिच्यापासून लांबूनच जायचं, कारण फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

बंधाऱ्याजवळ ट्यूब नाही, कयाक नाही, पोहणं नाही. कोल्हापूर पद्धतीचा, म्हणजे फळ्या घालून पाणी अडवणारा बंधारा वरून बघाल तर पाण्याची एक सरळ, शांत पट्टी दिसते. पण खाली पडलेलं पाणी उलटं फिरून पुन्हा भिंतीकडे येतं आणि त्या वळशात सापडलेली वस्तू आत-बाहेर होत तिथेच फिरत राहते. लाइफ जॅकेट घातलेल्या माणसालाही त्यातून सुटणं कठीण. सोमेश्वरचा धबधबा बघायला छान आहे, तिथे आम्ही उतरवत नाही. शहरातल्या पात्रातही नाही. पाणवेली आणि नाल्याचं पाणी जिथे आहे तिथे मुलांना घालायचं नाही, असं आमचं ठरलेलं आहे. अंगावर उघडी जखम असेल तर चांगल्या पाण्यातही उतरू नका, आणि सहलीनंतर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना नदीत उतरलो होतो हे सांगा. दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची तपासणी करायची का, हे त्यांना ठरवता येतं.

खाणं आणि बुकिंग

सकाळी हलका नाश्ता, मधे फळं. पिठलं-भाकरी, ठेचा आणि ताक पाण्याचा भाग आटोपल्यावर. द्राक्षबागा आणि वाईनरी बघून थेट येणाऱ्या पाहुण्यांना विनंती: ज्याने थोडीही घेतली असेल त्याला त्या दिवशी पाण्यात उतरता येणार नाही. आजी-आजोबांसाठी सावलीत खुर्च्या असतात. गावच्या काठावर मोठ्याने गाणी लावत नाही, कचरा आपल्याच पिशवीत परत येतो.

विसर्ग वाढला, वीज झाली किंवा पाणी गढूळ आलं तर सहल आम्ही रद्द करतो, कधी काठावर पोचल्यावरही. अशा वेळी पूर्ण पैसे परत मिळतील किंवा दुसरी तारीख घेता येईल. जे तुम्हाला सोयीचं असेल ते. तुम्हाला स्वतःहून भीती वाटली आणि उतरायचं नसेल तर त्या माणसाचे पाण्याचे पैसेही आम्ही घेत नाही, फक्त जेवणाचे घेतो. फॉर्म भरून सहलीच्या तीन दिवस आधी पाठवा, म्हणजे मुलांच्या मापाची जॅकेटं बाजूला काढून ठेवता येतील.