डीव्हीडी ड्राइव्हचा बफर मोठा, म्हणून गेम पळतो?

‘२ एमबी बफरवाला ड्राइव्ह घेऊ नको, गेम अडकेल, ८ एमबीवालाच घे.’ हा सल्ला सीडी रायटरच्या जमान्यापासून फिरतोय. बफर म्हणजे ड्राइव्हमधली, डेटा तात्पुरता साठवणारी छोटी मेमरी. सल्ल्यात तथ्य होतं, पण बर्निंगपुरतं, म्हणजे डिस्क लिहिण्यापुरतं. सीडी लिहिताना लेझरला डेटा सलग लागतो. ८एक्स, म्हणजे सीडीच्या मूळ वेगाच्या आठपट वेगाला, सेकंदाला सुमारे १.२ एमबी. कॉम्प्युटर दोन सेकंद अडखळला की २ एमबीचा साठा खलास आणि कोरी सीडी वाया. २००० साली सान्यो कंपनीचं बर्न-प्रूफ तंत्र आलं. बफर रिकामा होत आला की लेझर थांबतो आणि डेटा आल्यावर तिथूनच पुढे लिहितो. मोठ्या बफरचा तोरा तिथेच उतरला.

वाचताना तर गणितच वेगळं. डीव्हीडी सिनेमाला सेकंदाला फार तर १.२६ एमबी लागतात; १६एक्स ड्राइव्ह (डीव्हीडीचा मूळ वेग सीडीपेक्षा बराच जास्त) डिस्कच्या बाहेरच्या कडेला २२ एमबीच्या आसपास देतो. तरीही चित्र अडकत असेल तर डिस्कवरचे ओरखडे बघा. ड्राइव्ह तोच भाग पुन्हा पुन्हा वाचत बसलेला असतो, आणि जो डेटा वाचलाच गेला नाही तो बफरमध्ये येणार कुठून?

डिस्कवर मिळणारे पीसीचे बहुतेक गेम हार्ड डिस्कवर इन्स्टॉल होत. डिस्क अनेकदा फक्त अस्सल-नक्कल तपासायला लागायची. थेट डिस्कवरून चालणाऱ्या गेममध्ये वेळ जातो तो लेझरचं हेड इकडून तिकडे नेण्यात. दर उडीला शंभरेक मिलिसेकंद, हार्ड डिस्कला दहाएक. गेम पुढे कुठली फाइल मागेल, हे बफरला कुठे ठाऊक? जादा पैसे घालायचेच असतील तर रॅममध्ये घाला.